दर सोमवारी गागोद्याला

नावेदला माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सुजय टिपणीस घरी आला, आणि त्या दुपारपासून आमना मुकादमने रडणं सोडून दिलं.

तोवर तिने दोन दिवस रडूनच काढले होते. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, कुंडलिका नदीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर तिचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि मागच्या भिंतीला तीन शाळांच्या गणवेशांचे नमुने टांगलेले. नवरा इलियास बावीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून साखरेचा आजार आणि अधू डोळे घेऊन परतला होता. नावेद एकुलता. बारावीनंतर त्याच्याही हातात चुलत्याने दुबईचा व्हिसा आणून ठेवला, तेव्हा आमनानेच तो परत केला. घरातला एक माणूस आम्ही बावीस वर्षं फोनवरच पाहिला, दुसरा देणार नाय, असं तिने दिराला तोंडावर सांगितलं. मग नावेद धाटावच्या औद्योगिक वसाहतीत फायरमन म्हणून लागला. आठ वर्षांत लीडिंग फायरमन झाला. बंबाच्या पुढच्या सीटवरून अष्टमीच्या नाक्यातून जाताना आईच्या दुकानाकडे बघून हात करायचा.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, दुपारची जेवणं आटोपतात त्या सुमाराला, वसाहतीतल्या एका रसायनाच्या कंपनीत आग लागली. मागच्या शेडमधून धूर येत होता. नावेद आणि त्याचा जोडीदार शिवा पाण्याचा पाइप घेऊन आत गेले. शेडमध्ये ड्रम होते आणि ड्रमांत पाणी लागताच भडकणारं रसायन होतं. चार मिनिटांत शेडचे पत्रे उडाले. दोघांपैकी कुणीच बाहेर आलं नाही.

नावेदला फुलांनी सजवलेल्या बंबावरून कब्रस्तानापर्यंत नेलं. शिवाला पेण तालुक्यात, त्याच्या गावी गागोदे बुद्रुकला नेलं. दोन्हीकडे मोठी माणसं आली, शहीद म्हणाली, गाड्यांत बसून गेली.

टिपणीस त्या कंपनीचा फॅक्टरी मॅनेजर. पांढरा शर्ट घालून, बूट उंबऱ्याबाहेर काढून तो आत आला, इलियासच्या हातावर हात ठेवून बसला. आवाज हळू, बोलणं स्वच्छ. "काकू, तुमचा मुलगा फार धाडसी होता," तो म्हणाला. "पण घाई झाली हो त्याच्याकडून. मी गेटवर ओरडून सांगत होतो, आत मटेरियल आहे, पाणी मारू नका, फोमची गाडी येऊ द्या. पोरांनी ऐकलं नाही."

आमनाने त्याच्याकडे पाहिलं. नावेद थोरामोठ्यांचा शब्द न मानणारा नव्हता. लहानपणी कुणी बस म्हटलं की उठ म्हणेपर्यंत बसून राहायचा. थांब म्हटल्यावर तो थांबला असता, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. म्हणजे हा माणूस तिच्या घरात, तिच्या चटईवर बसून खोटं बोलत होता आणि मेलेल्या पोराच्या माथी खापर फोडत होता. तिने त्याला चहा दिला. तो गेल्यावर त्याचा कप मागच्या दारी नेऊन दगडावर फोडला.

इलियास म्हणाला, सबर कर, वर बसलाय तो बघेल.

"त्यानं बघायचं ते तो बघेल," आमना म्हणाली. "मी पण बघणार हाय."

पुढचे आठ दिवस ती रोज चार वाजता मशीन बंद करून कंपनीच्या गेटासमोर जाऊन उभी राहायची. पिशवीत कापड कापायची मोठी कात्री असायची. टिपणीसची गाडी सव्वापाचला निघते, गेटावर वळताना हळू होते, तो स्वतः चालवतो, काच बहुतेक अर्धी उघडी असते, हे सगळं तिने पाहून ठेवलं. आठव्या दिवशी त्यानेच गाडी तिच्याजवळ थांबवली. काच खाली करून, मान बाहेर काढून त्याने विचारलं, काकू, काही हवंय का? त्याची मान तिच्या हाताच्या अंतरावर होती. पिशवीतल्या कात्रीच्या मुठीत तिची बोटं गेली. आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, हे एका घावात संपेल. लोक म्हणतील, पोराच्या दुःखाने बाई वेडी झाली, बिचारा मॅनेजर गेला. त्याची बिचाऱ्यांत गणती व्हावी, हे तिला परवडणारं नव्हतं. ती म्हणाली, काय नको, आणि सरळ एलिजा रोहेकरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

एलिजाकाका म्हणजे रोह्यात उरलेल्या दोनचार यहुदी घरांपैकी एका घरातले म्हातारे. मुलं इस्रायलला, बायको मागच्या साली गेलेली. जन्मभर कोर्टात कारकुनी केल्यामुळे कुठला कागद कुठे जाऊन पडतो आणि कुठून परत येतो, हे त्यांना तोंडपाठ. आमना त्यांचे कोट आणि लेंगे शिवायची, तेवढीच ओळख. त्यांनी चार दिवस खटपट करून माहिती काढली. शेडमध्ये ते रसायन ठेवायची परवानगीच नव्हती. फोमची गाडी मागवली असती तर आत काय आहे ते सांगावं लागलं असतं. पण गेटवरच्या दोन्ही वॉचमननी जबाब दिला होता की टिपणीससाहेबांनी पोरांना अडवलं. बंबावरच्या पंपवाल्याला साहेब बोलताना दिसला होता, ऐकू काही आलं नव्हतं.

"ऐकणारे दोघंच, आणि ते दोघंही गेले," एलिजाकाका म्हणाले. "आता कंपनीची माणसं शिवाच्या बायकोकडे जातायत. शिवा सूचना न ऐकता आत गेला, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, असा कागद तिच्या सहीने त्यांना हवाय. तिने सही केली की मग तू कितीही ओरड."

आमनाचं दुकान सोमवारी बंद असायचं. त्या सोमवारी ती रोह्याहून पेणची एसटी धरून गेली, पेणला खोपोलीच्या गाडीत बसली आणि गागोद्याच्या फाट्यावर उतरून चालत गावात शिरली.

शिवाची बायको मैना सव्वीस वर्षांची. आमना गेली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीन वर्षांची पोर तिच्या पाठीशी चुरमुरे सांडून खेळत होती. सासरा मोरू ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. त्याने आमनाला बसायला पाट दिला आणि न विचारताच सांगायला लागला. कंपनीवाले धाकट्या पोराला कामावर घेतो म्हणतात. एक गेला तो गेला, दुसऱ्याचं तरी बघायला नको? कागदावर सही करायची एवढंच. पण सून ना जेवते ना बोलते, सही कसली करते.

आमनाला मैनेची दया आली नाही. पुढे कैक वर्षांनी लोक तिच्या मायेचं कौतुक करायला लागले, तेव्हाही ही गोष्ट तिने कधी लपवली नाही. त्या दिवशी तिच्या मनात एकच हिशेब होता. ही पोरगी अशीच पडून राहिली तर मरेल, नाहीतर कुणीतरी तिचा अंगठा धरून कागदावर टेकवेल. दोन्ही गोष्टी टिपणीसच्याच फायद्याच्या. तिला साक्षीदार जिवंत हवी होती, शुद्धीवर हवी होती, आणि आपल्या बाजूला हवी होती.

ती चुलीपाशी गेली, तांदळाची पेज शिजवली, वर मीठ आणि तूप घातलं आणि मैनेच्या उशाशी बसली. "उठ गो," ती म्हणाली. "मी नावेदची आई."

नाव ऐकल्याबरोबर मैनेने वळून पाहिलं. तिच्या नजरेत जे होतं ते दुःखच असणार, असं आमनाने धरून चाललं. मैना उठली, चार घोट पेज प्याली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. निघताना आमनाने मोरूला सांगितलं, सही करायची घाई करू नका. आज सही हवी म्हणून नोकरी देतील, सही मिळाली की महिन्यात काढतील, मग कुणाकडे जाल? मोरूने मान हलवली. म्हाताऱ्याला ते पटलं.

मग आमना दर सोमवारी जायला लागली. कधी सुकट, कधी खापरोळ्या, कधी उरलेल्या कापडातून शिवलेला पोरीचा झगा घेऊन. मैनेला धरून न्हाणीत नेऊन तिचं डोकं धुतलं, गाठी झालेले केस तास तासभर बसून विंचरले. विधवेचे कागद करायला तिला पेणच्या कचेरीत नेलं, तिथल्या कारकुनाने उद्या या म्हटल्यावर त्याच्या टेबलासमोर तीन तास उभी राहिली आणि काम करूनच निघाली. मेमध्ये पेणला गणपतीच्या एका कारखान्यात ओळख काढून मैनेला मूर्तीच्या दागिन्यांवर सोनेरी रंग द्यायचं काम मिळवून दिलं. मैनेचा हात बारीक होता. पंधरा दिवसांत मालकाने तिला डोळे आखायला बसवलं. गागोद्यातल्या बाया म्हणायला लागल्या, सख्खी आई करणार नाय एवढं ही मुसलमानीण करते. आमनाच्या कानावर ते यायचं. प्रत्येक वेळी ती मनात म्हणायची, करतेय कुणासाठी ते माझं मला ठाऊक.

मैना जेवायला लागली, कामाला जायला लागली, पण आमनाशी बोलायची ती कामापुरतंच. चाची, पाणी. चाची, गाडी आली. नजरही टाळायची. ओल्या दुःखाला असंच असतं, असं आमनाने समजून घेतलं.

मे संपता संपता एका सोमवारी आमना पोरीची वेणी घालत होती आणि पोर तिच्या मांडीवर बसून बडबडत होती. म्हणाली, बाबा ट्रंकेत बोलतो. आमनाने हसून विचारलं, कसा बोलतो? पोरीने सांगितलं, आई मोबाइल काढते, बाबा बोलतो, आई रडते, मोबाइल परत ट्रंकेत.

आमनाच्या हातातली वेणी तशीच सुटली. मैना आल्यावर तिने विचारलं, शिवाचा काय निरोप हाय का गो मोबाइलमध्ये? मैना म्हणाली, हाय. त्या दिवशीचाच हाय. पण ऐकवणार नाय, नि देणार बी नाय.

आमनाने तिला एलिजाकाकांकडून ऐकलेलं सगळं समजावलं. टिपणीस काय म्हणाला असेल ते त्या निरोपात असेल तर त्याला बेड्या पडतील. मैना नाही म्हणाली. पुढच्या सोमवारी पुन्हा नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी आमनाने मोरूला मध्ये घातलं, तरी नाहीच. आगीच्या सरकारी चौकशीची तारीख जवळ आली होती. बारा दिवस राहिले, तेव्हा आमनाने ठरवलं, आता विचारायचं नाही.

त्या सोमवारी ती मुद्दाम अकरा वाजता पोचली. मैना अजून कारखान्यात होती, म्हातारा पोरीला घेऊन शेतावर. ट्रंकेला कुलूप नव्हतं. लग्नाच्या शालूखाली मोबाइल होता, चार्ज केलेला. त्यात सगळ्यात वर शिवाचाच निरोप. आमना जमिनीवर बसली आणि तिने बोट लावलं.

आधी इंजिनाची घरघर. मग शिवा. "मैना, आजची संध्याकाळची गाडी नाय मिळत. कंपनीत आग लागलीय. साहेब बोलतो आत रिकामे ड्रम हायत, पाणी मारा. माझं मन घेत नाय. मी बोललो, फोमची गाडी येऊ दे." मध्येच लांबून एक आवाज आला, स्वच्छ, शहरी, वैतागलेला. "अहो, काही नाहीये आत, सांगतोय ना मी. मारा पाणी आणि मोकळे व्हा." तिच्या चटईवर बसून बोललेला आवाज तो हाच. आमनाच्या छातीत आनंदासारखं काहीतरी उसळलं. सापडलास, ती मोठ्याने म्हणाली. आणि तेवढ्यात तिसरा आवाज आला, अगदी जवळून, हसरा.

"शिवा, साहेबांनी सांगितलंय ना? मग कशाला खोळंबतोस? चल रे. मी हाय पुढं."

मग शिवा म्हणाला, जातो गो, पोरीला सांग उद्या येतो. निरोप संपला.

आमनाने तो पुन्हा लावला. पुन्हा लावला. नावेदचा आवाज तिने चार महिन्यांत ऐकला नव्हता, आणि आता ऐकला तो असा. किती वेळा ते तिला कळलं नाही. तिने मान वर केली तेव्हा कारखान्यातून परतलेली मैना दारात उभी होती, बोटांना रंग तसाच.

"ऐकलंत?" मैना म्हणाली. "माझा माणूस नको म्हणत होता. तुमचा चल म्हणाला."

मैना आत येऊन तिच्यासमोर बसली. एवढे दिवस कामापुरतं बोलणारी पोरगी आता थांबेना. तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हाच तुम्हाला हाकलणार होते, ती म्हणाली. मग मनात आलं, हाकलून काय होणार? हिला येऊ दे, माझी सेवा करू दे, माझ्या पोरीत जीव गुंतवू दे, आणि मग एक दिवस समोर बसवून ऐकवायचं. "तुम्ही माझे केस विंचरायचात आणि मी मनात तो दिवस ठरवत असायचे, चाची."

"मग ऐकवलं का नाय?"

"दर सोमवारी म्हणायचे, पुढच्या सोमवारी."

आमनाने मोबाइल शालूवर ठेवला आणि उठून फाट्याकडे चालू लागली. गाडीत तिला तिकीट काढायचं भान राहिलं नाही.

घरी तिने इलियासला सगळं सांगितलं. नावेदचं नाव शौर्यपदकासाठी वर पाठवलं होतं, अग्निशमन केंद्रावर त्याच्या नावाचा फलक लागायचा होता. इलियास म्हणाला, हे बाहेर काढलंस तर लोक म्हणतील, साहेब बोलला तो बोलला, पण जोडीदाराला ओढून आत नेणारा मुकादमाचा पोर. आपल्याकडं आता त्याच्या नावाशिवाय हाय काय? ते तरी राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्यासमोर हात जोडले.

एलिजाकाकांनीही लपवलं नाही. म्हणाले, हा निरोप म्हणजे दोन्ही बाजूंनी धार असलेला कोयता आहे. टिपणीसला लागेल, पण आधी तुझ्या पोरावरून जाईल. त्याचा वकील पहिला प्रश्न नावेदवरच विचारणार. आणि हा निरोप नसेल तर टिपणीस सुटतो, यात मला शंका नाही.

आमनाने आठवडाभर मशीनला हात लावला नाही. नावेदचं नाव आणि टिपणीसची मान, दोन्ही तिने मनाच्या तराजूत घालून पाहिलं, आणि दर वेळी एकच कळलं. टिपणीस मोकळा फिरत असताना ते नाव फलकावर लागलं, तर त्या फलकाकडे बघून तो रोज सव्वापाचला घरी जाईल. ते तिला सहन होणार नव्हतं. आणि एक आणखी होतं, जे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. नावेद मेला तो त्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून. थोरांचा शब्द मानायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

सोमवारी ती पुन्हा गागोद्याला गेली. मैनेला म्हणाली, "मला तो माणूस हवाय. माझ्या पोराचं नाव त्यात गेलं तरी जाऊ दे. पण मोबाइल तुझा हाय, नि निरोप तुझा हाय. त्या दिवशी चोरला, आज मागतेय."

मैना म्हणाली, "आधी तुम्ही तोंडानं म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्हाला ठाव हाय काय म्हणायचं."

मोरू ओटीवरून उठून आत आला होता. पोर दारात होती. आमना त्या सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या पोरानं तुझ्या नवऱ्याला आत नेलं."

मैनेने ते ऐकलं. ती रडली नाही, आमनाच्या गळ्यातही पडली नाही. ट्रंकेतून मोबाइल काढला, साडीच्या पदरात गुंडाळला आणि म्हणाली, मी येते, पण मोबाइल माझ्याच हातात राहील.

चौकशी सरकारी विश्रामगृहाच्या मोठ्या खोलीत होती. टिपणीस वकिलाशेजारी बसला होता, पांढराच शर्ट. आमनाने खुर्ची अशी ओढून घेतली की त्याचा चेहरा तिला सरळ दिसावा. वॉचमननी आपले जबाब पुन्हा वाचल्यासारखे सांगितले. टिपणीसने सांगितलं, मी अडवलं, पोरांनी ऐकलं नाही. मग मैना उठली आणि तिने मोबाइल अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून निरोप लावला.

पुढे आमनाला कुणी विचारलं, सूड घेतल्यावर कसं वाटतं, तर ती त्या दीड मिनिटाचं वर्णन करायची. शिवा बोलायला लागला तेव्हा टिपणीस टाय नीट करत होता. 'अहो, काही नाहीये आत' आलं तेव्हा त्याचा हात गळ्याशीच थांबला. ओठ पांढरे पडले. त्याने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने खाली पाहिलं. मग त्याची नजर खोलीभर फिरत फिरत आमनावर आली आणि तिथेच अडकली. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान वळवेपर्यंत बघत राहिली. खापरोळीवर नारळाचा गोड रस ओतून खावा तसं गोड लागलं ते मला, ती सांगायची. खोटं कशाला बोलू?

वकिलाने करायचं तेच केलं. चल म्हणणारा कोण, मी पुढे आहे म्हणणारा कोण, असं विचारलं. आमना आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, तो माझा मुलगा नावेद. त्यानं तुमच्या साहेबांच्या शब्दावर विश्वास ठेवला. लिहून घ्या.

आठवड्याच्या आत एका वॉचमनने जबाब फिरवला. टिपणीसला अटक झाली, दोन महिन्यांनी जामीन मिळाला, खटला उभा राहिला. वर्तमानपत्रांत टिपणीसबरोबर नावेदचंही नाव आलं, 'घाईचा निर्णय' असं लिहून. पदकाचा कागद वरून मंजूर होऊन आला नाही. फलकावर दोन्ही नावं लागली, पण समारंभ झाला नाही. इलियास तीन आठवडे बायकोशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात, पोलिसांच्या गाडीतून उतरणाऱ्या टिपणीसचा फोटो त्याने भिंग लावून बघितला, पेपर नीट घडी करून उशीखाली ठेवला आणि आमनाला चहा टाक म्हणाला.

पुढल्या वर्षी पेणजवळ महामार्गावर नाकाबंदीत उभ्या असलेल्या एका हवालदाराला ट्रकने उडवलं, आणि त्याच्या बायकोने कुणाकडून तरी आमनाचं नाव ऐकून फोन केला. आमना मैनेला घेऊन गेली. मग खांब गावातल्या एका घरी, जिथला मुलगा सीमेवर मारला गेला होता. मग नदीत उडी घेऊन दुसऱ्यांना काढताना स्वतः बुडालेल्या पोराच्या घरी. दोघींचं ठरून गेलं होतं. मैना चूल पेटवायची आणि घरातल्या बाईला भरवायची. आमना ओटीवर बसून सांगायची, कुठल्याही कागदावर आज सही करायची नाय, त्याचा मोबाइल कुणाच्या हातात द्यायचा नाय, आणि कोण येऊन काय बोलला ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. मग कचेऱ्यांमधून त्या बायांबरोबर उभी राहायची. तिला बघून कारकून खुर्चीत सरळ बसायचे.

खांबच्या त्या जवानाची आई एकदा म्हणाली, माझ्या पोराला शत्रूनं मारलं, मी कुणावर राग काढू? तुझं बरं हाय, तुला माणूस तरी सापडला.

आमना दिवसभर त्या बाईजवळ बसून राहिली, तिच्याबरोबर तिच्या पोराचे शाळेपासूनचे फोटो बघितले. परतीच्या गाडीत मैनेला म्हणाली, ह्या घरात मला कायच करता नाय आलं. मैना म्हणाली, बसलात ना. त्या घरी त्या सगळ्यांत जास्त वेळा गेल्या.

मैना मात्र अष्टमीच्या घरी कधी आली नाही. ईदला आमना शिरखुर्मा गागोद्याला पोचवायची, मैना डबा धुऊन त्यात वालाचं बिरडं घालून परत द्यायची, पण त्या घराचा उंबरा, जिथे नावेदचा गणवेशातला फोटो आहे, तिने ओलांडला नाही. आमनाने एकदाही बोलावलं नाही.

खटला अजून चालू आहे. तारखेला टिपणीस गाडीतून उतरतो, तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर त्या दोघी बसलेल्या असतात. एक तारीख त्यांनी चुकवलेली नाही. त्याची नोकरी गेली आहे, केस पिकले आहेत. मागच्या तारखेला तो त्यांच्यासमोर थांबला. खालच्या आवाजात म्हणाला की काकू, मलाही झोप लागत नाही, तो शब्द माझ्या तोंडून कसा गेला मला कळत नाही, तुम्ही एकदा माफ केलं म्हणा.

आमनाने मैनेकडे पाहिलं. मैनेने डबा उघडून भाकरीचा अर्धा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"साहेब, तुमचा नंबर पुकारतायत," आमना म्हणाली. "आत जा."

तो आत गेला. दोघी जेवायला लागल्या. कोर्टाच्या खोलीचं दार उघडंच होतं, आणि बाकावरून आरोपीचा पिंजरा स्वच्छ दिसत होता.